एसी बंद? आधी बाहेरचा सेन्सर तपासा

हाताने पारखल्याशिवाय आम्ही कापडवाले माल उचलत नाही. गाडीच्या दुरुस्तीतही हाच नियम पाळावा.

ऑटोमॅटिक एसीच्या अनेक गाड्यांत पुढच्या बंपरमागे बाहेरच्या हवेचे तापमान मोजणारा छोटा सेन्सर असतो. त्याची तार तुटली की भर उन्हात पडद्यावर उणे ४० अंश दिसू शकते. बाहेर कडाक्याची थंडी आहे असे समजून गाडी कॉम्प्रेसर चालूच करीत नाही. मग गॅस आणि कॉम्प्रेसर यांवर नाहक पैसा जातो.

तपास सोपा आहे. गाडी बंद करून सेन्सरचा प्लग काढा. पिना गंजल्या असतील तर साफ करा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांना लावा. बहुतेक सेन्सरमध्ये मुठीच्या उबेने आकडा उतरतो, बर्फाजवळ नेल्यास चढतो. आकडा हललाच नाही, तर सेन्सर गेला. नीट हलला, तर दोष तारेत किंवा प्लगमध्ये शोधावा.

रहदारीत उभ्या गाडीत इंजिनच्या उष्णतेने तापमान थोडे जास्त दिसते. तो बिघाड नव्हे.

मिस्त्रीने कॉम्प्रेसर बदलायला सांगितले, तर व्यापारी बांधवांनी आधी एवढी तपासणी करून घ्यावी.