एकच रोग, दोन वाटा

जळगावहून रेल्वेने मुंबईला जाण्याच्या वाटा दोन. एक चाळीसगाव-मनमाडवरून, दुसरी अमळनेर-नंदुरबार-सुरतवरून. चाळीसगावाजवळ गाडी अडकली असता नरडाण्याचा मार्ग दुरुस्त करून ती सुटणार नाही. मेंदूच्या एका रोगातही असेच काहीसे दिसू लागले आहे.

अल्झायमरच्या रोगात अमायलॉइड-बीटा हे प्रथिन मेंदूत साचते व चेतापेशींमधील संदेशवहन बिघडते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढील स्त्रियांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ९ टक्के, तर पुरुषांत ५.८ टक्के आहे. स्त्रिया अधिक जगतात, एवढ्यानेच हा फरक उलगडत नाही.

मग पेशींत काय घडते? या रोगाशी निगडित मानवी जनुके घातलेल्या उंदरांवर ओटावा विद्यापीठात प्रयोग झाले. २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नराच्या मेंदूत अमायलॉइड हे ग्लुटामेटच्या एका ग्राहीला चिकटून चुकीचे संदेश सुरू करते. मादीत ते त्या ग्राहीला चिकटतच नाही. त्यामुळे ग्राही रोखणाऱ्या औषधाने नरांची स्मृती सुधारली, माद्यांची नाही.

बंगळूरच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चमधील विजयालक्ष्मी रवींद्रनाथ आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली आणखी एक दुवा दाखवला. काही शिकताना चेतापेशींच्या सांध्यांवर नवी प्रथिने तयार व्हावी लागतात. तसा आदेश देणारी संदेशसाखळी रोगी नरांत लवकर बिघडली. माद्यांत ती आठ महिन्यांच्या वयापर्यंत शाबूत होती आणि स्मृतीही टिकून होती. मात्र अंडाशय काढलेल्या माद्या चौथ्या महिन्यातच विसरू लागल्या. म्हणजे अंडाशयातील संप्रेरके काही काळ ढालीचे काम करत असावीत. स्त्रियांत रजोनिवृत्तीनंतर हीच ढाल गळून पडते का, हा प्रश्न यातून उभा राहतो. उंदरावरून माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही, हे अर्थातच लक्षात ठेवायला हवे.

मादीच्या ऋतुचक्रामुळे निष्कर्षांत गोंधळ होईल, या समजुतीने पूर्वी पुष्कळ प्रयोग केवळ नरांवर होत. आता वर्गात हा प्रश्न विचारून पाहा: फक्त नरांवर तपासलेले औषध आजीला लागू पडेल, असे कशावरून म्हणावे? नमुना कसा निवडावा, हा धडा मुलांना यातून सहज उमगेल.