जागा भरली की फाइल पुसताही का येत नाही?

मंडळाचे जुने अंक, गणेशोत्सवाची छायाचित्रे झेडएफएस पद्धतीच्या सर्व्हरवर ठेवली असतील, तर एक गोष्ट ठाऊक असावी. नेमून दिलेली जागा, म्हणजे कोटा, पूर्ण भरला की फाइल पुसतानाही ‘डिस्क कोटा एक्सीडेड’ असा संदेश येऊ शकतो.

सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये खुली केलेली ही पद्धत जुन्या नोंदीवर खाडाखोड करत नाही. बदललेली नोंद ती नव्या जागी लिहिते, मगच जुनी सोडते. वहीतले नाव कमी करायलाही कोरे पान लागावे, तसे. मध्येच वीज गेली तरी आधीची नोंद शाबूत राहते, ती यामुळेच.

उपाय दोन. व्यवस्थापकाकडून कोटा थोडा वाढवून घ्यावा. ते जमत नसेल, तर नको असलेली एखादी मोठी फाइल आधी रिकामी करावी, म्हणजे तिचा आकार शून्यावर आणावा, आणि मग पुसावी. मात्र तीच फाइल स्नॅपशॉटमध्ये असेल तर जागा सुटत नाही; तो स्नॅपशॉटच काढावा लागतो. त्याआधी दुसरीकडे प्रत आहे ना, हे जरूर पाहावे. एकुलता एक जुना अंक गेला की गेलाच.