मदतीच्या रकान्याची पन्नास वर्षे

18 फेब्रुवारी 1974 रोजी अमेरिकेचे राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी दिल्लीत भारत सरकारला एक धनादेश दिला. रक्कम 1,664 कोटी रुपये. तोवरचा जगातला सर्वांत मोठा धनादेश म्हणून गिनेस बुकाने त्याची दखल घेतली. पीएल-480 या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली आलेल्या गव्हाचे पैसे भारताने रुपयांत चुकते केले होते. अमेरिकेच्या नावे साचलेल्या त्या रुपयांतला मोठा हिस्सा तिने सोडून दिला. व्यवहारतोलात, म्हणजे देशाच्या परदेशाशी होणाऱ्या देण्याघेण्याच्या हिशेबात, अशा पैशाची जागा ‘सरकारी हस्तांतर’ या रकान्यात असते. तिथे फेडायचे नसलेले पैसे मोडतात, कर्ज नाही.

पुढच्या पन्नास वर्षांत भारताचा हा रकाना आकसत गेला. 1990-91 पर्यंतच खासगी हस्तांतर सुमारे 2 अब्ज डॉलरवर पोचले होते आणि सरकारी मदत अर्ध्या अब्जाच्याही आत होती. रत्नागिरीपासून केरळपर्यंतच्या घरांत आखातातून येणारा पैसा दात्या सरकारांना मागे टाकून गेला होता. 2003 मध्ये भारताने छोट्या दात्या देशांची द्विपक्षीय मदत थांबवायचे ठरवले. 2004 च्या त्सुनामीत परकी सरकारांची मदत नाकारताना भारतीय नौदलाची जहाजे श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाकडे रवाना झाली होती. 2024 मध्ये भारतीयांनी परदेशातून धाडलेली रक्कम जागतिक बँकेच्या अंदाजाने 129 अब्ज डॉलरच्या घरात गेली.

शेजाऱ्यांची वाट वेगळी. बांगलादेशाला स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत मुख्यतः अनुदानांनी तारले. पुढे तयार कपड्यांची निर्यात वाढली आणि परकी मदतीत अनुदानापेक्षा कर्जाचा वाटा मोठा झाला. नेपाळला परदेशी गेलेल्या कामगारांच्या पैशाने सावरले. तो पैसा आज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतका आहे. भूतानची 1961 ची पहिली पंचवार्षिक योजना पूर्णपणे भारताच्या पैशावर उभी राहिली आणि तेराव्या योजनेसाठीही दिल्लीने 10,000 कोटी रुपये कबूल केले. घेणारा भारत इथे देणारा आहे.

अफगाणिस्तानात ऑगस्ट 2021 पूर्वी सरकारी खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग अनुदानांतून भागत असे. तालिबान सत्तेवर येताच तो ओघ आटला. शिक्षक आणि परिचारिकांचे पगार थकले, बँकांपुढे रांगा लागल्या. पुढे संयुक्त राष्ट्रांना मदतकार्यासाठी डॉलरच्या नोटा विमानाने काबूलला न्याव्या लागल्या.

म्हणून एका देशाची मदत त्याच्या प्रदेशाच्या मदतीशी ताडणारी ‘देश विरुद्ध प्रदेश’ ही तुलना नुसत्या रकमांवर करण्यात अर्थ नाही. भारताला मदत एकूण भरपूर मिळे, दरडोई मात्र तुटपुंजी. भूतानचे नेमके उलटे. शिवाय प्रदेशाची बेरीजही हलती असते. जुलै 2025 पासून जागतिक बँकेने पाकिस्तान आणि अफगाणिस्तानला दक्षिण आशियातून काढून पश्चिम आशिया-उत्तर आफ्रिकेच्या गटात टाकले. कोणत्याही देशाला एक पैही कमीजास्त न मिळता दक्षिण आशियाची सरासरी बदलली.

विचारायला हवे ते एवढेच, की मदत उद्या बंद झाली तर कोणाचे काय अडेल? 2003 मध्ये भारताचे फारसे काही अडले नाही, कारण खासगी हस्तांतराचा दुसरा रकाना आधीच भरला होता. काबूलकडे तसा भरलेला दुसरा रकाना नव्हता.