लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीत मान-खांदे का दुखतात? कारणे, उपाय आणि धोक्याच्या खुणा

नवी दिल्ली : खाली वळलेल्या हँडलबारच्या रोड सायकलवरून शंभर-दोनशे किलोमीटरचा पल्ला गाठणे आता केवळ व्यावसायिक खेळाडूंपुरते राहिलेले नाही. नोकरदार, डॉक्टर, निवृत्त अधिकारी असे अनेक जण ‘बीआरएम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या उपक्रमांत सहभागी होतात. त्यात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, तर ६०० किलोमीटरसाठी ४० तासांची मुदत असते. इतका वेळ सायकलवर काढताना पायांआधी मान आणि खांदेच तक्रार करू लागतात, असा अनुभव अनेकांना येतो. हे दुखणे बहुतेक वेळा टाळता येण्याजोगे असते. मात्र ते अंगावर काढल्यास काय होऊ शकते, याचे उदाहरण या खेळाच्या इतिहासातच आहे.

‘शर्मर्स नेक’ म्हणजे काय?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत चालणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जगातील सर्वांत खडतर सायकल शर्यतींपैकी एक मानली जाते. १९८३ च्या शर्यतीत मायकेल शर्मर या सायकलपटूच्या मानेचे स्नायू इतके थकले, की त्यांना डोके वर उचलून धरणे अशक्य झाले. तेव्हापासून या अवस्थेला ‘शर्मर्स नेक’ असे नाव पडले. यात मानेमागचे स्नायू अक्षरशः हार मानतात आणि हनुवटी छातीवर टेकते. समोरचा रस्ता दिसत नसल्याने सायकल चालवणे धोक्याचे होते. तासाभराच्या विश्रांतीने ही अवस्था सुधारत नाही. पूर्ववत होण्यास अनेक दिवस लागतात.

या शर्यतीशी महाराष्ट्राचेही नाते आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात, तर लष्करी अधिकारी श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये वैयक्तिक गटात ती पूर्ण केली. सर्वसामान्य सायकलस्वारावर ‘शर्मर्स नेक’ची वेळ क्वचितच येते, परंतु त्यामागची यंत्रणा आणि रविवारच्या फेरीनंतर आखडणाऱ्या मानेमागची यंत्रणा बऱ्याच अंशी सारखीच आहे.

दुखण्याचे मूळ

प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. ताठ उभे असताना हा भार पाठीच्या कण्यावर तोलला जातो. रोड सायकलवर मात्र धड पुढे झुकलेले असते आणि रस्ता पाहण्यासाठी मान मागे वळवून डोके वर धरावे लागते. परिणामी मानेमागचे आणि मानेपासून खवाट्यापर्यंत जाणारे स्नायू तासन्‌तास आवळलेले राहतात. सतत आकुंचन पावलेल्या स्नायूला पुरेसा रक्तपुरवठा होत नाही आणि वेदना सुरू होते. हेल्मेटचे काहीशे ग्रॅम वजनही दीर्घ पल्ल्यात जाणवू लागते.

खांद्यांचे दुखणे बहुधा हातांवर पडणाऱ्या भारातून उद्भवते. पोट आणि कंबरेचे स्नायू थकले, की धडाचा भार हातांवर येतो. कोपरे ताठ असतील, तर खड्डे आणि गतिरोधकांचे हादरे थेट खांद्यांपर्यंत पोहोचतात.

सायकलची मांडणी तपासा

हँडलबार फार दूर किंवा फार खाली असणे, हे सर्वांत सामान्य कारण होय. ब्रेकच्या वरच्या भागावर हात ठेवल्यावर कोपरे सहज किंचित वाकलेली असावीत. ती ताठ होत असतील, तर अंतर जास्त आहे. आखूड स्टेम बसवून किंवा हँडलबार काहीसा उंच करून हा ताण कमी करता येतो. हँडलबारची रुंदी साधारणपणे खांद्यांच्या रुंदीइतकी असावी.

सीटकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. सीटचे टोक खाली झुकलेले असल्यास शरीर सतत पुढे घसरते आणि ते रोखण्याचे काम हात व खांद्यांना करावे लागते. त्यामुळे सीट शक्यतो सपाट ठेवून सुरुवात करावी. एका वेळी एकच बदल, तोही काही मिलिमीटरचा करावा आणि दोन-तीन फेऱ्यांनंतरच पुढचा बदल करावा. एकाच वेळी सर्व काही बदलल्यास नेमका उपयोग कशाचा झाला, हे कळत नाही.

टायरमध्ये गरजेपेक्षा जास्त हवा भरल्यास हादरे वाढतात. सायकलमध्ये जागा असल्यास २८ किंवा ३२ मिलिमीटर रुंदीचे टायर, तुलनेने कमी हवेसह, खडबडीत रस्त्यांवर अधिक सुखकर ठरतात. घसरणारा चष्मा किंवा कपाळावर उतरणारे हेल्मेट हेही मान अधिक वर करायला लावते.

सवयी आणि व्यायाम

दर दहा-पंधरा मिनिटांनी हातांची जागा बदलावी. खांदे कानांकडे चढत असल्याचे लक्षात येताच श्वास सोडत ते खाली आणावेत. सुरक्षित, मोकळ्या रस्त्यावर मान हळूच दोन्ही बाजूंना वळवावी. साप्ताहिक अंतर टप्प्याटप्प्याने वाढवावे. मोठ्या पल्ल्याच्या आदल्या दिवशी सायकलच्या मांडणीत कोणताही बदल करू नये.

सायकलवरून उतरल्यानंतरचे काम तितकेच महत्त्वाचे आहे. हनुवटी सरळ मागे ओढून पाच सेकंद धरणे, दोन्ही खवाटे एकमेकांजवळ आणणे आणि प्लँक, हे तीन व्यायाम दहा मिनिटांत होतात. दिवसभर संगणकापुढे मान पुढे काढून बसणाऱ्यांचे स्नायू सायकलवर चढण्यापूर्वीच थकलेले असतात, हेही विसरता कामा नये.

हे टाळा

आखडलेली मान केशकर्तनालयात झटका देऊन ‘मोडून’ घेण्याची सवय घातक ठरू शकते. अशा झटक्याने मानेतील रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका क्वचित असला, तरी गंभीर असतो. शरीरात पाणी कमी असताना वेदनाशामक गोळ्या घेऊन पल्ला पूर्ण करणे मूत्रपिंडांसाठी अपायकारक ठरू शकते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

साधे स्नायूंचे दुखणे काही दिवसांच्या विश्रांतीने ओसरते. दोन-तीन आठवड्यांनंतरही ते कायम राहिल्यास फिजिओथेरपिस्ट किंवा अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. दुखणे हातात उतरणे, बोटांना सतत मुंग्या येणे वा बधिरपणा जाणवणे, ही मज्जातंतूवर दाब असल्याची चिन्हे असू शकतात. हाताची पकड सैल होणे, चालताना तोल जाणे, लघवीवरील नियंत्रण सुटणे किंवा पडल्यानंतर मान दुखणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित तपासणी आवश्यक आहे.

चढ चढताना डावा खांदा, जबडा किंवा छातीत दुखू लागले आणि थांबल्यावर ते कमी झाले, तर ते स्नायूंचे दुखणे असल्याचे गृहीत धरू नये. हृदयविकाराची वेदनाही अशीच प्रकट होऊ शकते. अशा वेळी सायकल तेथेच थांबवून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.