पक्ष्याचं ‘खरं नाव’ कोणतं?

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावर गळ्यात दुर्बीण अडकवून उभं राहिलं की फिरायला आलेलं कुणीतरी थांबतंच. तारेवरच्या निळ्या पक्ष्याकडे बोट दाखवून विचारतं, ‘हा कुठला हो?’ ‘खंड्या’ म्हणून सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘ते झालं, पण खरं नाव काय त्याचं?’ खरं म्हणजे इंग्रजी. ‘व्हाइट-थ्रोटेड किंगफिशर’ असं म्हटलं की गडी समाधानानं पुढे चालू लागतो.

मराठी नाव घरात हाक मारायचं आणि इंग्रजी नाव दाखल्यावरचं, अशी ही समजूत आहे. ती कितपत टिकते हे पाहायचं असेल तर इंग्रजीच्या शेजारी फ्रेंच आणि स्पॅनिश नावं मांडावीत. तिन्ही युरोपच्याच भाषा, पण आपल्या एकाच खंड्याबद्दल त्या एकमेकींशी सहमत नाहीत.

इंग्रजीनं त्याचा पांढरा गळा पाहिला. फ्रेंचमध्ये तो ‘मार्तँ-शासर द स्मिर्न’ आणि स्पॅनिशमध्ये ‘अल्सिऑन दे एस्मिर्ना’. दोन्हींचा रोख स्मिर्नाकडे, म्हणजे तुर्कस्तानातल्या आजच्या इझमीर शहराकडे आहे. शास्त्रीय नावही ‘हॅल्सिऑन स्मिर्नेन्सिस’. त्यातलं ‘स्मिर्नेन्सिस’ शास्त्रज्ञ लिनियसनं 1758 मध्ये ठरवलं तेव्हा ज्या पक्ष्याचं वर्णन त्याच्यापुढे होतं तो स्मिर्नाचा होता, एवढंच त्याचं कारण. पंचगंगेच्या काठी पिढ्यान् पिढ्या राहणारा हा पक्षी कागदोपत्री इझमीरचा रहिवासी झाला. शास्त्रीय नावात गाव दिसलं म्हणजे पक्षी तिथलाच, हा समज इथेच सोडून द्यायला हरकत नाही. ते गाव बहुतेक वेळा नमुना कुठून आला तेवढंच सांगतं.

आता ‘किंगफिशर’. खंड्या मासे खातो हे खरं, पण हा पांढऱ्या गळ्याचा खंड्या टोळ, सरडे, बेडूक, खेकडे, प्रसंगी उंदराचं पिल्लूही खातो. म्हणून तर तो पाण्यापासून लांब, उसाच्या फडाशेजारच्या तारेवरही बसलेला दिसतो. फ्रेंचांनी हा फरक नावातच केला आहे. पाण्यावर मासे मारणारा तो ‘मार्तँ-पेशर’, म्हणजे कोळी, आणि जमिनीवर शिकार करणारा तो ‘मार्तँ-शासर’, म्हणजे शिकारी. इथे फ्रेंच नाव इंग्रजीपेक्षा सरस आहे, यात मला तरी शंका नाही.

पण हा ‘मार्तँ’ फसवाही आहे. इंग्रजीतला ‘मार्टिन’ म्हणजे पाकोळीसारखा, हवेत किडे टिपणारा पक्षी. फ्रेंचमध्ये ‘मार्तँ’ला ‘पेशर’ जोडलं तर खंड्या, आणि ‘त्रिस्त’ जोडलं तर चक्क आपली साळुंकी! ‘त्रिस्त’ म्हणजे उदास. दिवसभर कलकलाट करणाऱ्या, कुणाच्याही ताटाजवळ बेधडक येणाऱ्या साळुंकीला उदास म्हणणारा माणूस तिच्या सहवासात फारसा राहिला नसावा. ही उदासी लिनियसच्या 1766 च्या ‘पॅराडिसिया ट्रिस्टिस’ या नावातून आली आहे. त्यानं साळुंकीला नंदनपक्ष्यांच्या, म्हणजे बर्ड ऑफ पॅराडाइजच्या घरात बसवलं होतं. पुढच्या अभ्यासकांनी ते घर बदललं, पण ‘ट्रिस्टिस’ राहिलं, कारण प्राणिशास्त्राच्या नियमानुसार पहिलं नाव चुकीच्या अर्थाचं असलं तरी टिकतं. स्पॅनिशनं हा घोळ टाळून ‘मिना’ घेतलं, म्हणजे आपली मैनाच. मॉरिशसमध्ये टोळांचा बंदोबस्त करायला 1762 च्या सुमारास भारतातून मैना नेल्या, आणि तिथे त्यांना आजही ‘मार्टिन’ म्हणतात. पुढच्या शतकात मजुरीसाठी तिथे गेलेल्या मराठी माणसांना ओळखीचा पक्षी अनोळखी नावाने भेटला.

स्मिर्नाचा विषय निघालाच आहे तर टर्कीचंही सांगून टाकतो. हा पक्षी मुळात अमेरिका खंडाचा. मेक्सिकोत तो माणसाळला. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवलं. फ्रेंच त्याला ‘दँद’ म्हणतात, म्हणजे ‘हिंदुस्थानचा’. डच ‘काल्कून’ म्हणतात, म्हणजे कालिकतचा. आणि खुद्द तुर्क लोक त्याला ‘हिंदी’ म्हणतात! स्पॅनिशमध्ये तो ‘पावो’. हा शब्द मूळचा मोराचा. तो टर्कीला देऊन टाकल्यावर मोराला ‘पावो रेआल’, राजेशाही पावो, म्हणावं लागलं. हिंदुस्थानच्या नावावर खपलेला हा पक्षी हिंदुस्थानात मात्र नवलाचा होता. मुकर्रबखान या मोगल सरदारानं गोव्याहून तो जहांगीर बादशहाकडे 1612 मध्ये आणला तेव्हा दरबारात त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. दरबारी चित्रकार मन्सूरनं काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

शास्त्रीय नाव तरी निर्दोष असतं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी दयाळचा किस्सा आहे. अंगणात, बागेत शेपटी उभारून सुरेल गाणारा काळा-पांढरा दयाळ सगळ्यांनी पाहिलेला असतो. इंग्रजी नाव ‘ओरिएंटल मॅगपाय-रॉबिन’. तो मॅगपायही नाही आणि इंग्लंडमधला तांबड्या गळ्याचा रॉबिनही नाही. अमेरिकेतला ‘रॉबिन’ तर तिसराच, कस्तुराच्या कुळातला. घर सोडून गेलेल्या इंग्रजांनी दिसेल त्या पक्ष्याला गावाकडची नावं वाटली, त्याचा हा पसारा. फ्रेंच नाव मात्र ‘शामा दायाल’. आपला दयाळ त्यांनी जसाच्या तसा उचलला.

तो तिथवर पोहोचला कसा? मद्रासमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा एडवर्ड बल्कली नावाचा शल्यविशारद होता. त्यानं हा पक्षी लंडनला निसर्गसंग्राहक जेम्स पेटिव्हरकडे पाठवला. पुढे 1737 च्या सुमारास निसर्गचित्रकार एलिएझर अल्बिननं ‘दयाळ’चं स्पेलिंग ‘डायल’ असं करून टाकलं. इंग्रजीत डायल म्हणजे घड्याळाची तबकडी. फ्रेंच पक्षितज्ज्ञ ल व्हायाँ यानं ते वाचलं, सूर्यघड्याळाशी काहीतरी संबंध असणार असं धरून चालला आणि पक्ष्याला ‘काद्राँ’, म्हणजे तबकडी, असं नाव दिलं. शास्त्रीय नाव होतं ‘सॉलॅरिस’. पक्षितज्ज्ञ जर्डननं तर्क केला की लिनियसला सूर्याचं ‘सोलॅरिस’ लिहायचं होतं, हात घसरून अक्षर चुकलं. प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथनं हे खोडून काढलं. बल्कलीनं नमुन्यासोबत ‘सॉलरी’ हे इथलं नाव कळवलं होतं, आणि त्याचा अर्थ शंभर गाणी गाणारा, असं ब्लाइथचं म्हणणं. म्हणजे शास्त्रीय नाव म्हणून आपण ज्याला लॅटिन समजतो ते मद्रासकडून गेलेलं देशी नाव, आणि त्यावर पंडितांनी शतकभर लावलेले अर्थ चुकीचे.

चातकाच्या बाबतीत उलटं घडलं. तिथे परदेशी नावं सरळ आहेत आणि आपल्या डोक्यात घोळ आहे. इंग्रजीत ‘जॅकोबिन ककू’, फ्रेंचमध्ये ‘कूकू जाकोबँ’. ते ऐकून फ्रेंच राज्यक्रांतीतले जॅकोबिन आठवतात, पण नाव 1783 चं आहे आणि क्रांती 1789 ची. पॅरिसमधल्या डॉमिनिकन संन्याशांना जाकोबँ म्हणत. त्यांचा पांढरा पायघोळ आणि काळा झगा या पक्ष्याच्या अंगावर दिसला म्हणून हे नाव. क्रांतिकारकांची मंडळी त्यांच्याच मठात भरत असे, म्हणून तेही पुढे जॅकोबिन झाले. स्पॅनिशनं संन्यासी वगळून ‘ब्लांकिनेग्रो’, काळा-पांढरा, एवढंच ठेवलं. आपल्या चिमणीलाही फ्रेंच ‘म्वानो’ म्हणतात. तोही शब्द संन्याशावरूनच आलेला, तिच्या तपकिरी रंगामुळे.

आपला समज असा की चातक फक्त पावसाचा थेंब झेलून पितो. प्रत्यक्षात तो भरपूर सुरवंट आणि किडे खातो आणि अंडी सातभाईंच्या घरट्यात घालून मोकळा होतो. आफ्रिकेतून येणारे चातक मोसमी वाऱ्यांच्या आगेमागे भारतात पोहोचतात, कारण पावसानंतर खाद्य मुबलक असतं आणि सातभाईंची घरटीही सापडतात. पावसाशी त्याचं नातं खरं आहे, तहानेची गोष्ट खरी नाही. दुसरा घोळ पावशाचा. ‘पेरते व्हा’ म्हणून शेतकऱ्याला हाकारणारा तो पावशा, चातक नव्हे. इंग्रजांना त्याच हाकेत ‘ब्रेन फीव्हर’ ऐकू आला. फ्रेंच त्याला ‘कूकू शिक्रा’ म्हणतात, कारण दिसायला तो शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखा असतो. तेव्हा फ्रेंच नावात इथलाच शब्द आहे आणि तो बरोबर जागी बसलेला आहे.

हंसाचं थोडक्यात. रविवर्म्याच्या हंस-दमयंतीतला लांब मानेचा शुभ्र पक्षी आपण खरा हंस धरून बसलो आहोत. तसा स्वान भारतात क्वचितच, वाट चुकून येतो. हिवाळ्यात महाराष्ट्राच्या जलाशयांवर दरवर्षी येतो तो डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब, स्पॅनिशमध्ये ‘आन्सार इंदिओ’. आन्सार, लॅटिन आन्सर, जर्मन गान्स, इंग्रजी गूस आणि संस्कृत हंस ही एकाच मुळातून फुटलेली नावं आहेत. तो दूध आणि पाणी वेगळं करत नाही, पण हिमालय ओलांडून येतो.

इंग्रजी नावं जास्त नेमकी असतात, हाही एक समज. घुबडाची सगळी जमात इंग्रजीत ‘आउल’. फ्रेंच डोक्यावर पिसांचे कान असलेल्याला ‘इबू’ आणि नसलेल्याला ‘शुएत’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये बूओ, लेचुसा, मोचुएलो अशी वेगवेगळी नावं आहेत. मराठीत घुबड वेगळं, गव्हाणी घुबड वेगळं आणि पिंगळा वेगळा. पिंगळ्याला स्पॅनिश ‘मोचुएलो ब्राह्मान’ म्हणतात, बहुधा शास्त्रीय नावातल्या ‘ब्रामा’मुळे. पिजन आणि डव्ह यांत तर शास्त्राच्या दृष्टीनं काही सीमारेषाच नाही. आणि डोक्यावर काळी शेंडी असलेल्या मैनेला इंग्रजांनी ‘ब्राह्मणी’ म्हटलं, फ्रेंच आणि स्पॅनिश नावांत ती देवळांची, ‘पॅगोडांची’ झाली. मराठीत तिचं नाव भांगपाडी मैना. पाहणाऱ्याला ती लगेच ओळखू येईल असं नाव या चारांत हे एकच.

म्हणून मराठी नावं बिनचूक असतात असंही नाही. सुगरण हे नाव बाईचं, बहिणाबाईंच्या कवितेनं ती घराघरांत पोहोचवली, पण खोपा विणतो नर. मादी येऊन पाहते, पसंत पडला तर राहते. गाते म्हणून आपण जिचं कौतुक करतो ती कोकिळा नव्हे, काळा नर कोकीळ. कोकणात उतरलात तर महाधनेशाला ‘गरुड’ म्हणणारे भेटतील. बाजारात पिंजऱ्यातून विकले जाणारे ‘लव्ह बर्ड’ बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियाचे बजरिगर असतात. खरे लव्ह बर्ड आफ्रिकेचे. (पिंजऱ्यात आपला देशी पोपट ठेवणं मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, नाव काहीही सांगितलं तरी.) भारद्वाजाची कथा तर मजेशीर आहे. संस्कृत कोशांत भरद्वाज म्हणजे चंडोल, मराठीत तो लाल डोळ्यांचा, तांबूस पंखांचा मोठा पक्षी झाला. त्याचं इंग्रजी आणि फ्रेंच नाव ‘कूकाल’ हे दयाळची तबकडी करणाऱ्या त्याच ल व्हायाँनं घडवलं, ‘कूकू’ आणि ‘आलुएत’ हे शब्द जोडून, असं मानतात. आलुएत म्हणजे चंडोल!

‘अधिकृत’ नावांचं वयही फार नाही. फ्रेंच नावांची जागतिक यादी 1993 मध्ये निघाली, इंग्रजी नावांची शिफारस-यादी 2006 मध्ये. व्यक्तींच्या नावावरून पडलेली पक्ष्यांची इंग्रजी नावं बदलायची, असं अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीनं 2023 मध्ये ठरवलं आहे.

तेव्हा राधानगरीच्या जंगलात, कळंब्याच्या काठी किंवा तुमच्या शेतात पक्ष्याची नोंद करताना शास्त्रीय नाव जरूर लिहा, जगभरच्या अभ्यासकांना तेवढंच समान कळतं. इंग्रजीही लिहा. पण त्या वाडीतली म्हातारी माणसं त्याला काय म्हणतात हे विचारून, गावाच्या नावासकट तेही लिहून ठेवा. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ अशाच नावांनी भरला आहे, आणि कोल्हापूरच्या डोंगराळ पट्ट्यातली बरीच नावं अजून कुणीतरी लिहून घ्यायची राहिली आहेत.