दाराचे रबर

मुंबईत कुर्ला येथे 1964 पासून बनू लागलेली फियाट 1100 डी पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. मुंबईत टॅक्सी म्हणून तिचे दिवस 2023 मध्ये संपले. पण काही हौशी मंडळींनी ती अजून जपली आहे. अशाच एका मित्राच्या गाडीत पावसाळ्यात दारातून पाणी झिरपे, पायाखालच्या चटईत मुरे आणि तळाचा पत्रा गंजे. दाराचे जुने रबर कडक होऊन चिरले होते. त्याने भरीव रबराची पट्टी आणून चिकटवली, तर दारच लागेना! ‘रबर मऊ असते ना?’ असे त्याने मला विचारले.

प्रश्न मार्मिक आहे. खोडरबर दोन बोटांत दाबून पाहा. ते कडेने फुगते. रबराचा आकार सहज बदलतो, पण आकारमान जवळजवळ बदलत नाही. दाराच्या खाचेत भरीव पट्टीला कडेने फुगायला जागा मिळाली नाही, की ती दगडासारखी वागते. म्हणून दाराच्या रबराचा छेद पोकळ नळीसारखा ठेवतात. नळी चपटी होताना तिच्या भिंती केवळ वाकतात आणि त्याला फारच कमी बल लागते. नळीला अंतराअंतरावर बारीक भोकेही हवीत. नाहीतर आत कोंडलेली हवा फुग्यासारखा विरोध करते.

नळी केवढी हवी? जुने रबर काढून चौकटीवर मुलांच्या खेळातल्या रंगीत मातीचे गोळे प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवले, दार लावले, उघडले आणि चपट्या गोळ्यांची जाडी मोजली. बिजागरीकडे फट 5 मिलिमीटर, कुलपाकडे 9! जुन्या गाडीत हे चालायचेच. 12 मिलिमीटर व्यासाची, 2 मिलिमीटर जाड भिंतीची नळी दोन्हीकडे चालते. पूर्ण चपटी झाली तरी तिची जाडी 4 मिलिमीटर, म्हणजे अरुंद फटीतही ती मावते. आणि 9 मिलिमीटरच्या फटीत ती पाव हिश्शाने दबलेली राहते.

आता पदार्थाविषयी. नैसर्गिक रबराच्या रेणूसाखळीत दर पाच कार्बन अणूंमागे एक द्विबंध असतो. हवेतील ओझोन नेमका तेथे हल्ला करतो आणि ताणलेल्या रबराला ताणाच्या आडव्या दिशेने चिरा पडतात. वर्गात एक रबरबँड पुस्तकावर ताणून व दुसरा सैल असे खिडकीत काही आठवडे ठेवावेत. फरक मुलांनाच दिसेल. ईपीडीएम या कृत्रिम रबरात मुख्य साखळीत द्विबंध नसतात. व्हल्कनीकरणात गंधकाला पकडण्यापुरते थोडे द्विबंध असतात, तेही साखळीच्या बाहेर लोंबणाऱ्या गटांत. ते तुटले तरी साखळी शाबूत राहते.

आणखी एक कसोटी घ्यावीच. 10 मिलिमीटर जाडीचा तुकडा 7.5 पर्यंत दाबून गरम भट्टीत ठेवायचा, मग मोकळा करायचा. तो 9.5 पर्यंतच परतला, तर दाबलेल्या 2.5 पैकी 0.5 कायमचे गेले, म्हणजे 20 टक्के. गाडी महिनोन् महिने दार लावून उभी असते, त्यामुळे मऊपणापेक्षा मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो.

नवे रबर बसवल्यावर दारात कागदाची पट्टी धरून ती जागोजागी ओढून पाहिली. सगळीकडे ती अडली, फक्त मागच्या वरच्या कोपऱ्यात अलगद निघाली. तेथे दोष रबराचा नव्हता. दारच किंचित वाकलेले होते.