स्कॅनच्या कागदावरून गळालेला आकडा

मे २०२१ च्या सुरुवातीला, कोरोनाची दुसरी लाट अंगावर आलेली असताना, दिल्लीच्या ‘एम्स’चे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी इशारा दिला की एक सीटी स्कॅन म्हणजे छातीचे तीनशे ते चारशे एक्स-रे. लक्षणे सौम्य असतील तर उठसूट स्कॅन काढू नका. क्ष-किरणतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेने लगेच उत्तर दिले: हा हिशेब तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा, आता किरणांच्या अतिशय कमी मात्रेचा स्कॅन पाच-दहा एक्स-रेइतकाच भरतो. तेव्हा कोल्हापुरात काय किंवा गडहिंग्लजला काय, घरोघरी विचारणा व्हायची ती ‘सीटीचा पंचवीसपैकी स्कोअर किती आला?’ एवढीच. अशा वेळी दोन जाणकारांच्या आकड्यांत तीस ते ऐंशी पटींची तफावत पाहून सामान्य माणूस गोंधळला तर नवल नाही. पण मला वाटते, दोघांचेही गणित बरोबर असू शकते. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (हे किरणांच्या मात्रेचे एकक) धरतात. नेहमीच्या पद्धतीने काढलेला छातीचा सीटी सहा-सात मिलिसिव्हर्टच्या घरात जातो, म्हणजे तीनशेहून अधिक एक्स-रे. तीच छाती मुद्दाम मात्रा उतरवून पाहिली तर दीडच्या आसपास, आणि आणखी बेताने पाहिली तर ०.१ ते ०.२ वरही काम भागते. मग प्रश्न उरतो तो आपल्या माणसाचा स्कॅन यांपैकी कोणता होता, हा. आणि हातात येणाऱ्या रिपोर्टवर त्याचे उत्तर बहुधा नसते.

लोक यंत्र किती ‘स्लाइस’चे हे विचारतात. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने एचआरसीटीचे, म्हणजे छातीच्या सीटीचे, कमाल दर ठरवले तेही स्लाइसवरूनच: सोळापेक्षा कमी असतील तर २००० रुपये, सोळा ते चौसष्टला २५००, त्यापुढे ३०००. लूट थांबवायला ते पाऊल योग्यच होते. पण स्लाइसच्या आकड्यावरून मात्रा कळत नाही. २०१९ मध्ये ‘बीएमजे’त सात देशांतल्या दीडशेवर संस्थांमधील वीस लाख सीटी तपासण्यांचा अभ्यास आला. मात्रेतला फरक रुग्णामुळे किंवा यंत्रामुळे थोडाच पडतो, मुख्यतः पडतो तो यंत्र वापरणाऱ्यांनी कोणती मापे लावली यामुळे, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्रा उतरवणे जमते कसे, ते समजायला अवघड नाही. क्ष-किरण नळीतून जाणारा विद्युतप्रवाह निम्मा केला की मात्रा निम्मी होते. किलोव्होल्ट १२० वरून १०० वर आणले तर ती सुमारे एक तृतीयांशाने घटते, आणि बारीक अंगाच्या माणसाला तेवढे पुरते. छाती पाहायची असताना स्कॅन पोटापर्यंत ओढला, तर मधल्या प्रत्येक सेंटिमीटरला मात्रा लागते. सगळ्यांत मोठी उधळपट्टी मात्र फेऱ्यांची असते. पोटाचा आधी प्लेन, मग कॉन्ट्रास्ट देऊन, मग पुन्हा उशिराने, अशा तीन फेऱ्या झाल्या की मात्रा जवळपास तिप्पट होते, आणि अनेकदा डॉक्टरांना हवे असलेले उत्तर एकाच फेरीत मिळाले असते. मूतखड्याची शंका असेल तर आधी सोनोग्राफी करून भागते. अमेरिकेतल्या पंधरा रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत २७५९ रुग्णांवर झालेल्या २०१४ च्या चाचणीत सोनोग्राफीपासून सुरुवात केल्याने गंभीर अपाय वाढले नाहीत, किरणांचा भार मात्र घटला.

एवढ्याशा मात्रेने खरेच काही होते का, अशी शंका डॉक्टरही घेतात. निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट आपल्या वाट्याला येतात, हे खरे. अगदी कमी मात्रेत धोका सरळ रेषेत उतरतो की नाही, यावरही शास्त्रज्ञांत वाद आहे. पण मुलांच्या बाबतीत आता केवळ तर्क उरलेला नाही. नऊ युरोपीय देशांतल्या साडेनऊ लाखांच्या आसपास मुले-तरुणांचा मागोवा घेणारा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या मात्रेने दहा हजार मुलांचा सीटी काढला तर पुढच्या बारा वर्षांत त्यातल्या एक-दोघांना त्यामुळे रक्ताचा कर्करोग होईल, असा त्याचा अंदाज आहे. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या अपघातात डोक्याला मार लागलेल्या मुलाच्या बापाने हा आकडा ऐकून सीटीला नकार दिला, तर ती भयंकर चूक होईल. मेंदूतला रक्तस्राव काही तासांत जीव घेतो आणि तो शोधणारी तपासणी हीच. म्हणून ही भीती वाढवण्याची गोष्ट नाही. गरज असेल तिथे स्कॅन व्हायलाच हवा, पण मोठ्या माणसाची मापे लहान मुलाला लावून नव्हे.

मात्रा उतरवली की चित्र खरखरीत होते आणि रोग निसटतो, ही तज्ज्ञांची हरकत वजनदार आहे, आणि एका मर्यादेपलीकडे ती खरीही आहे. यकृतातली बारीक गाठ शोधायला कमी मात्रा लावणे म्हणजे स्कॅन वाया घालवणे. पण फुफ्फुसात हवा भरपूर, खडा पांढराफटक. तिथे थोडी खरखर आली तरी निदान अडत नाही, शिवाय खरखर गाळणारी गणिते नव्या यंत्रांत असतात. तेव्हा मात्रा ठरवावी ती शोधायचे काय यावरून. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसते ‘सीटी अॅब्डोमेन’ लिहिलेले असेल, तर टेक्निशियन सुरक्षित म्हणून सगळ्या फेऱ्या घेणार. त्याला दोष कसा द्यावा? (शिशाचा पट्टा बांधा, असा आग्रह नातेवाईक धरतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संघटनेने रुग्णाच्या जननेंद्रियांवर तो सरसकट बांधणे थांबवावे असे सांगितले, कारण फायदा नगण्य, आणि पट्टा किरणांच्या वाटेत आला तर यंत्र आपणहून मात्रा वाढवू शकते.)

यंत्राची नोंदणी, खोलीच्या भिंतींची जाडी, कर्मचाऱ्यांच्या छातीवरचा मात्रामापक बिल्ला, हे सारे १९८३ मध्ये स्थापन झालेले, मुंबईच्या अणुशक्तीनगरात असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ पाहते. खोलीत काम करणाऱ्याच्या मात्रेची वर्षानुवर्षांची नोंद राहते; टेबलावर झोपणाऱ्याची मात्र त्याच्या फाइलपर्यंत पोचत नाही. तालुक्याच्या गावी काढलेला स्कॅन कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा शहरातल्या दुसऱ्या दवाखान्यात अस्पष्ट म्हणून पुन्हा काढला, तरी दोन्हींची बेरीज कुठे होत नाही. यंत्रांच्या नोंदींचा विषय कोल्हापूरला नवा नाही. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना, गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी जिल्ह्यातल्या सोनोग्राफी यंत्रांना तपासण्यांची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवले गेले. क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जिल्हा प्रशासनाची बाजू उचलून धरली. तिथला हेतू गुन्हा पकडण्याचा होता; इथे कुणावर संशय नाही, म्हणून रिपोर्टवर मात्रा नोंदवण्याची सुरुवात तज्ज्ञांनी स्वतःहून केली तर उत्तम. ज्या सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात तिची एवढी नोंद ठेवता आली, तर सीटीची का नाही?

रिपोर्टवर मात्रेचा आकडा लिहिला तर रुग्ण घाबरेल, ही अखेरची हरकत. रक्तातली साखर, क्रिएटिनिन, ‘स्कोअर’ हे सारे लोक वाचायला शिकलेच आहेत. खर्चाचे म्हणाल तर सीटी यंत्र प्रत्येक तपासणीनंतर मात्रेचे पान आपोआप तयार करते. त्यावर ‘डीएलपी’ नावाचा एक आकडा असतो. प्रौढाच्या छातीसाठी त्याला ०.०१४ ने गुणले की मिलिसिव्हर्टचा अंदाज येतो. डीएलपी ४०० असेल तर ५.६, आणि १०० असेल तर १.४. ते पान पडद्यावर असतेच. टायपिस्टने रिपोर्टच्या शेवटी त्यातली एक ओळ उतरवायची आहे.